दाजींचे प्रवाळ

कुणी गावाला निघालं की घराची चावी माझ्याकडे ठेवून जातं. गल्लीत, नात्यात, शाळेतल्या बायकांमध्येही शोभाताई म्हणजे सांभाळणारं माणूस, असं माझं नाव आहे. ते नाव कानावर आलं की मी मान खाली घालते आणि हातातलं काम करत राहते. का, ते मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायला बसलेय खरी — बघू, कुठवर जमतं.

आधी दाजींबद्दल सांगते. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, आक्काचे यजमान. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले आणि त्यांनी घरात समुद्र आणला. आपल्या परभणीत, जिथल्या निम्म्या लोकांनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला, तिथं बैठकीच्या मागच्या खोलीत भली मोठी काचेची टाकी, मीठ कालवलेलं पाणी, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे, आणि प्रवाळ. अंगठीत पोवळं घालतात ना, त्याच कुळातले. पण हे मऊ. पाणी पिऊन फुगायचे, फांद्या पसरायचे, आणि प्रत्येक फांदीवर कुंकवाच्या रंगाची बारीक बारीक फुलं उघडायची. फूल कसलं — तोंडच ते. आठ बोटांची तोंडं.

"ही झाडं न्हवत, शोभा," दाजी म्हणायचे, "जनावरं हायत. बाकीच्या प्रवाळांना उजेड पुरतो, त्यांच्या अंगातलं शेवाळ त्यांना जेवण करून घालतं. यांच्या अंगात तसं काही नाही. समोरून वाहत येईल ते धरायचं आणि खायचं. दिवसभर. जरा जरा. नाहीतर उपाशी मरतात."

बाहेर नेटका बोलणारा हा माणूस घरात असा मोकळा बोलायचा, तोही बहुतेक या एकाच विषयावर. मुंबईच्या दुकानदारानं त्यांना बजावलं होतं की हे कुणाच्याच घरी टिकत नाहीत. दाजींनी टिकवले. खिडकीत बाटल्यांमधून हिरवं शेवाळाचं पाणी वाढवायचे. फ्रीजमध्ये कसल्या कसल्या बारीक जिवांच्या गोठवलेल्या वड्या असायच्या. ते सगळं कालवून एका डब्यात ठेवायचे, आणि डब्याला जोडलेला छोटा पंप थेंब थेंब टाकीत सोडत राहायचा. शिवाय स्वतः हातानं, बारीक नळीनं, एकेका फांदीजवळ नेऊन भरवायचे. श्वास रोखून. लहान लेकराला भरवावं तसं.

भरवावं तसं — हेच मला सांगायचंय.

आक्काला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणं कठीण झालं. झरीच्या शाळेत माझी नोकरी, त्यामुळे मी जायची ती रविवारी. आक्का पुढच्या खोलीत पलंगावर, डोक्याशी कूलर घुरघुरतोय. मे महिन्यातली परभणी तुम्हाला माहीत असेल तर कूलर काय करतो तेही माहीत असेल. आणि मागच्या खोलीत एसी. टाकीसाठी. पाणी तापलं तर प्रवाळ मरतात म्हणून. लाईट गेली की इन्व्हर्टरवर आधी टाकीचे पंप चालायचे.

आक्काला भरवायला पिंगळीहून गयाबाई यायच्या. एकदा त्या मला मोरीपाशी घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, म्या येऊ लागल्यापासून सायबानं येकदाबी चमचा हातात घेतला न्हाई. दारात उभं राहत्यात, बघत्यात, अन् आत जात्यात माशापाशी."

त्या दिवशी मी मागच्या खोलीत गेले. दाजी खुर्चीवर वाकून त्या लाल तोंडांना नळीनं भरवत होते. मी आल्याचं त्यांना कळलंही नाही. तिकडं आक्काच्या ओठांच्या कोपऱ्यातून पेज गळत होती आणि इकडं — तुम्हीच सांगा, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं असेल? मी काही बोलले नाही. आक्का गेली तेव्हाही बोलले नाही. तेराव्याला दाजी पाहुण्यांमधून उठून टाकीकडे जाऊन आले, तेव्हा मी पंगतीत वाढत होते. हातातलं भांडं घट्ट धरलं, एवढंच.

वर्ष व्हायच्या आतच दाजींच्या छातीत दुखायला लागलं. बायपास करावी लागणार होती. लेक मनीषा पुण्याला, ती न्यायला आली. निघताना दाजींनी मला टाकीपाशी उभं केलं आणि सगळं समजावून दिलं. कुठलं पाणी किती, कुठली वडी कधी, पंपाचं तोंड कुठं. मी विज्ञान शिकवते, मला एकदा सांगून पुरलं.

"दुसऱ्या कुणावर भरवसा नाही माझा," ते म्हणाले. "तू हायस म्हणून जायलोय."

मी म्हणाले, "तुमी निवांत जावा दाजी."

गाडी वळली. मी आत आले, खाऊचा डबा मोरीत ओतला, विसळला, आणि त्यात नुसतं खारं पाणी भरून पंपाला जोडून ठेवला. रागाच्या भरात? नाही. आक्का गेल्यापासून मी असलंच काहीतरी शोधत होते. चावी हातात आली आणि ते सापडलं.

माशांना मी रोज वेळेवर घातलं. माशांनी काय केलं होतं? प्रवाळांनी तरी काय केलं होतं, असं तुम्ही विचाराल. काहीच नाही. पण दाजींना दुखेल अशी दुसरी जागा मला माहीत नव्हती.

आक्कासाठी मला रविवारच मिळायचा, आता मात्र शाळेतून आले की मी रोज तिकडं जायची. एसी लावायची, चहा करून घ्यायची आणि दाजींच्याच खुर्चीत बसायची. आधी काही दिसलं नाही. प्रवाळ रोजच्यासारखे फुगायचे, तोंडं उघडायचे. वाहत्या पाण्यात ती बोटं हलायची — धरायला काही नाही, तरी हलायची. मग एकेक फांदी उशिरा उघडू लागली. मग उघडेनाशी झाली. बुंधे आखडले, आतले काचेच्या सुईसारखे काटे वर दिसायला लागले. अंग नाही, नुसते काटे. आणि मला, खरं सांगते, बरं वाटायचं. आक्काचा हात असाच झाला होता. मी चहा पीत ते बघायची आणि मनात म्हणायची, आता बघा दाजी. भूक कशी असते ती बघा.

त्यांचा फोन रोज यायचा. "उघडलेत का गं?"

"उघडलेत."

"खाऊ?"

"घातला की."

व्हिडिओ लावला की मी फोन माशांवर धरायची. पण किती दिवस धरणार? एक दिवस त्यांना दिसलंच. ते घाबरले. ऑपरेशन झालेला माणूस, मोठ्यानं बोलायला बंदी — तरी उठून बसले. पाणी तपास म्हणाले, प्रवाह वाढव म्हणाले, खाऊ दुप्पट कर म्हणाले. मी हो हो म्हणाले आणि नुसतं पाणी दुप्पट केलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बसलेला होता. "माझंच काहीतरी चुकलं असंल," ते म्हणाले. "मी नसताना पाणी बिघडलं असंल." मी म्हणाले, "असेल दाजी." फोन ठेवल्यावर आरशात बघितलं तर मी हसत होते.

इथंच थांबले असते तर कदाचित हे सगळं मी स्वतःला पचवून घेतलं असतं. आक्कासाठी केलं म्हणाले असते. पण पुढचं सांगायचं तर तेही म्हणता येत नाही.

सगळे गेले असं मी धरून चालले होते. दाजी यायच्या थोडे दिवस आधी काच पुसताना मागच्या दगडाच्या सावलीत काहीतरी लाल दिसलं. वाकून पाहिलं. कपारीत, उलटं लटकलेलं, बोटभर लांबीचं एक प्रवाळ. आणि ते पूर्ण उघडलेलं. माशांना घातलेल्या खाण्याचा चुरा वाहत वाहत त्या कपारीत जमत होता, त्यावर ते जगलं होतं. तोंडं उघडून, सगळी बोटं पसरून, घेत होतं.

मला धक्का बसला. मी तिथंच बसले. त्या दिवशी मला वाटलं — खरंच वाटलं — की पुरे झालं. एवढं राहू दे. दाजी आले की दाखवू. फ्रीजमधली वडी काढून भिजवलीसुद्धा होती मी.

तेवढ्यात त्यांचा फोन आला. प्रवाळांचं त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "आज मनीषानं मला भरवलं. हात वर करता येईना म्हणून. आणि शोभा, मला तुझी आक्का दिसली."

भिजवलेल्या वडीची वाटी मी खाली ठेवली.

"तिला दवाखान्यातून घरी आणलं ना, त्या दिवशी गयाबाई यायच्या होत्या, आल्या नव्हत्या. मीच पेज भरवायला बसलो. दोन चमचे गेले, तिसऱ्याला ठसका लागला. निळी पडली गं. मला वाटलं, मारली मी हिला. शेजारच्या डॉक्टरनं येऊन घशात अडकलेलं काढलं म्हणून वाचली. त्यानंतर चमचा हातात घ्यायचं धाडसच झालं नाही. दारात उभा राहायचो. आत पाऊलच पडायचं नाही. आणि ती माझ्याकडं बघायची — तिला काय वाटत असंल, मी कधी विचारलंच नाही. कुणाला सांगितलंही नाही. तुला सांगायलोय."

रडत होते. मी ऐकत होते. माझ्या बोटांवर भिजलेल्या वडीचा वास येत होता.

आता सांगते. फोन ठेवल्यावर मला दया यायला हवी होती. नाही आली. मला राग आला — आधीपेक्षा मोठा. या माणसानं माझ्या हातातून माझा राग काढून घेतला, असं वाटलं. एक वाक्य बोलून सुटला. आक्का वर्षभर त्या दाराकडे बघत होती, आणि हा घाबरला होता म्हणून सुटला? मी एवढे दिवस जे करत होते ते आता काय ठरणार होतं? आणि मी तरी आक्काला किती वेळा भरवलं होतं? रविवारी जायची तेव्हाही चमचा गयाबाईंच्याच हातात असायचा. हे त्या क्षणी मला आठवलं, आणि ते आठवलं म्हणून मी आणखी पेटले.

बाह्या वर केल्या आणि टाकीत हात घातला. प्रवाळ दगडापासून सुटेना. नखानं सोडवलं. हातात घेतल्यावर ते आक्रसलं — सगळी तोंडं एकदम मिटली. ते मी मोरीत नेलं आणि नळ सोडला. साधं पाणी त्यांना चालत नाही, दाजींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते नळाखाली धरून उभी राहिले. हाताला बुळबुळीत लागेपर्यंत. मग कचऱ्यात टाकलं, वर चहाचा चोथा टाकला, आणि भिजवलेली वडी ओतून दिली.

उपाशी ठेवलं तेव्हा मला दाजींचं कारण माहीत नव्हतं, असं म्हणता येईल. हे केलं तेव्हा सगळं माहीत होतं.

दाजी आले. मनीषाच्या खांद्यावर हात ठेवून टाकीपाशी उभे राहिले. मासे काचेपाशी आले. दाजींनी रिकाम्या दगडांवरून नजर फिरवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नको. तुझ्याकडून काही कमी झालं न्हाई, मला ठाऊक हाय." मनीषानं मला मिठी मारली. "मावशी, किती केलंस तू," म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

टाकी आता फक्त माशांची आहे. मागच्या महिन्यात जिंतूर रोडवरचे एक दंतवैद्य दाजींकडे आले. त्यांनाही तसलेच लाल प्रवाळ ठेवायचे होते, सल्ला विचारायला आले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा दाजी त्यांना सांगत होते, "नका आणू डॉक्टर. आपल्या हवेत ते जगत न्हाईत. मी तीन वर्षं धरून ठेवले, ती माझी हौस. ही माझी मेहुणी, हिनं तर माझ्यापेक्षा नीट बघितलं. वेळेवर खाऊ, वेळेवर पाणी. तरी गेले. त्यांच्या नशिबातच नसतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "खरंच का हो ताई?"

"खरंय," मी म्हणाले. "लय केलं, पण नाही राहिले."

त्यांनी मान हलवली आणि बेत सोडून दिला. दाजींनी बशीत चहा ओतला, मी दुसऱ्या कपात साखर घातली.

ते जगत होते. कपारीतलं तर मी मारेपर्यंत जगत होतं.