पत्र्यावरचा डावा पंजा

लालबागच्या त्या गल्लीत रामदासला ओळखायचे ते त्याच्या डाव्या पंजामुळे. गाडीच्या रंगावर फडकी मारून मारून कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे पडतात. ते घालवायला तो ऑर्बिटल पॉलिशर, म्हणजे रंग घासून चकचकीत करायचं मशीन, फिरवायचा. दोन-चार फेऱ्या झाल्या, की मशीन बंद आणि पंजा पत्र्यावर. पत्रा फार तापला तर रंगावरचा पारदर्शक थर जळतो, आणि कडेला तो मुळातच पातळ. म्हणून बाकीचे कारागीर कडांना टेप लावतात. रामदास म्हणायचा, टेप कशाला, हात आहे ना.

एके सकाळी त्याने उकळत्या चहाचं पातेलं नुसत्या हाताने उतरवलं. सांडशी शेजारीच होती. माया, त्याची बायको, बघतच राहिली.

"अहो, भाजलं नाही?"

"कुठे काय."

तिने त्याचा पंजा उलटा केला, तर टरटरून फोड आलेला. मग हळूहळू बाहेर आलं. मशीनच्या थरथरीने बोटं कधीपासून बधिर होत चाललेली, आणि घरात कुणाला पत्ता नाही. दवाखान्यात चला, निदान गॅरेजवाल्या अजितला तरी सांगा, माया मागेच लागली.

"सांगितलं तर मशीन काढून घेईल. मग काय करू, गाड्यांवर पाणी मारू?"

"मारा. हात तरी राहील."

चहा तसाच ठेवून तो निघाला.

दुपारी वडाळ्याची लाल गाडी आली. मालकाच्या मुलीचं लग्न, वरात त्याच गाडीतून. बॉनेटचा मधला भाग असा चमकून निघाला, की मालक वाकून केस सारखे करायला लागला. आता दाढीपण इथेच करतो, म्हणाला. रामदास कितीतरी दिवसांनी हसला. कड तेवढी राहिली होती. त्याने पंजा ठेवला. थंड. फेरी मारली, पुन्हा ठेवला. थंडच. अजून एक फेरी मारली, आणि मशीनच्या चकतीवरचा पांढरा फोम लाल झाला. फोमवर रंग आला म्हणजे वरचा थर गेला. रामदासला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

अजितने कडेवर बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं.

"दादा, इथे हात ठेवला होतास?"

"आत्ताच."

अजित त्याच्या पंजाकडे बघत राहिला. फोड फुटून पाणी गळत होतं. मालकाच्या हातापाया अजितच पडला, बॉनेट नव्याने रंगवून देतो म्हणाला. रामदासवर तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मशीनची वायर नीट गुंडाळली, मशीन कपाटात ठेवलं आणि कपाटाशीच बोलल्यासारखं म्हणाला, "उद्यापासून तू धुवायच्या गाड्या बघ, दादा."

संध्याकाळी मायाने मलमाची ट्यूब घेतली आणि त्याचा हात मांडीवर ओढला. तो भिंतीकडे तोंड करून बसलेला.

"झोंबतंय का?"

"आधी लाव तर खरं."

"लावलं कधीच," माया म्हणाली.