पुढे नेलेला ब्रेक

माझी उंची सव्वापाच फूट, आणि त्यातही मोठा वाटा कमरेच्या वरचा. पायांच्या बाबतीत आमच्या घराण्याला देवाने जरा हात राखूनच दिलंय. हे पक्कं ठाऊक असून पंचेचाळिशीत मी जुनी क्रूझर मोटारसायकल घेतली. ठेंगणी सीट, भलीमोठी टाकी, आणि आवाज असा की मी आमच्या बोरी बुद्रुक गावात शिरायच्या आत कुत्री उठून उभी राहायची.

एकच सल होता. मोबाईलवरच्या व्हिडिओत लोक अशा गाडीवर पाय पार पुढे ताणून, आरामखुर्चीत बसल्यासारखे बसतात. माझे गुडघे दुमडलेले. गाडीवर नाही, जेवायला पाटावर बसल्यासारखं वाटायचं.

नारायणगावच्या एका गॅरेजवाल्याकडे फूटरेस्ट आणि त्याबरोबर पायाचा ब्रेक पुढे घ्यायची पट्टी होती. तीन जागा, मागची, मधली, पुढची. त्याने मला गाडीवर बसवलं आणि म्हणाला, "डोळे मिटा, भाऊ. पाय आपसूक पडतील तिथं पडू द्या."

पाय मधल्या जागेवर पडले.

"हे तुमचं माप. गुडघा थोडा वाकलेला पायजे. आन बूड न हलवता ब्रेक पुरा दाबला गेला पायजे."

"पुढची जागा लाव."

"राव, पाय पुरायचे न्हाईत."

"ते मी बघतो."

बघितलं. ब्रेक पुरा दाबायचा म्हणजे आधी सीटवरून वीतभर पुढे घसरायचं, मग पाय ताणायचा, मग ब्रेक लागायचा. खड्डा आला की पायांवर उठायची सोय नाही, सगळा दणका माकडहाडाला. शेवटी पाठीला टेकू म्हणून घरातली उशी बांधली. बायको म्हणाली, "अहो, गादी पण न्या. वाटेत झोप आली तर?" पण चहाच्या टपरीसमोरून जाताना पाय असे पुढे टाकलेले असले, की माकडहाड वगैरे विसरायला व्हायचं. घसरायची युक्ती मात्र मी कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर पाय पुरत नाहीत हेही सांगावं लागलं असतं.

आता आमच्या आळीची रीत. गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. ज्याला लागेल त्याने न्यावी. विचारत बसला तर उलट राग येतो, परका समजतो का म्हणून.

माझा थोरला भाऊ शेजारच्याच घरात राहतो. साठी ओलांडलेला, पण तीस वर्षं हाताला लागेल ती गाडी चालवलेला. एका सकाळी द्राक्षांचं औषध आणायला त्याने माझी किल्ली उचलली. मी ओट्यावर दात घासत होतो. त्याला जाताना बघितलं. तोंडात फेस होता, एवढंच कारण आज देता येतं. थुंकून चार शब्द बोलायला कितीसा वेळ लागतो?

कालव्याच्या वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. दादाने ब्रेक दाबला. त्याचे पायही आमच्याच घराण्यातले. ब्रेक अर्धवट लागला, गाडी कडेच्या पाण्याच्या चारीत गेली आणि दादाचं मनगट मोडलं.

लोक जमले तेव्हा तो चिखलात बसून एकच सांगत होता, "ट्रॅक्टरवाल्याला काय बोलू नका. माझ्याच पायात जोर न्हाई राहिला. दाबला, पण दाबलाच गेला न्हाई."

बातमी ऐकून धावत आलेला मीही तिथे उभा होतो. "वय झालं, दादा," असं कोणीतरी म्हणालं आणि मी मान डोलावली. डोलावली म्हणजे काय, चांगली दोनदा.

मनगट महिनाभरात जुळलं. पण दादाने गाडीला हात लावायचं सोडलं. नारायणगावला जायचं तर फाट्यावर जीपची वाट बघत उभा राहायचा. मी शेजारून गाडीवरून जाताना म्हणायचो, "बस मागं, सोडतो." तो बसायचा, आणि मी वीतभर घसरून ब्रेक दाबताना तो मागून म्हणायचा, "तुझ्या पायात अजून जोर हाये बघ." माकडहाडाचा दणका बरा, असं व्हायचं.

मग एका सकाळी काही मागायला त्याच्या परसात गेलो. दादा खुर्चीवर बसलेला. उजव्या पावलाला वाळूची पिशवी बांधलेली. पाय वर, खाली, वर, खाली. ओठांत आकडे. मला बघून लाजला.

"जोर आणतोय. कोणाला सांगू नको, हसतील."

मी सरळ नारायणगाव गाठलं. गॅरेजवाल्याने मधल्या जागेवर फूटरेस्ट बसवले. "मी सांगितलं व्हतं" असं तो म्हणाला नाही. पाना मात्र हवा त्यापेक्षा जोरात आपटला.

परत येऊन गाडी दादाच्या दारात लावली आणि उभ्या उभ्या सगळं ओकलो. पट्टी, पुढची जागा, घसरणं, दात घासणं.

दादाने पायाला अजून बांधलेल्या पिशवीची गाठ सोडली. मग म्हणाला, "म्हंजे पाय बरा व्हता."

"हो."

"आन तुला ठावं व्हतं."

"हो."

"चारीत पडलो तवा तू आधी काय उचललंस रं? मला का गाडी?"

खरं सांगायचं तर गाडी. टाकीला पोचा आलाय का ते बघत होतो. मी ते सांगितलं.

दादा उठला. गाडीवर बसला, डोळे न मिटताच पाय ठेवले, जागचा न हलता ब्रेक दाबला. मागचा लाल दिवा लागला. पुन्हा दाबला. पुन्हा लागला. सात-आठ वेळा तरी.

"टपरीवर तुझ्या तोंडानं सांगायचं," तो म्हणाला. "माझ्या पायाला कायबी झालेलं न्हाई म्हणून. माझ्या माघारी सांग. मी समोर असलो तर तू गंमत करून सांगशील."

आणि गाडी चालू करून कालव्याच्या वाटेला लागला. मी टपरीवर जाऊन सांगितलं. गंमत केली नाही. तरी लोक हसलेच, आणि पहिल्यांदा मला ते आवडलं नाही. सांगून झाल्यावरही मी उठलो नाही. गाडीचा आवाज परत येईपर्यंत कान त्या वळणाकडे लावून बसलो होतो.