लिफ्टवाल्यांची एक रिंग

इथे आखातात रोल्लाहून जबल अलीला ऑफिसला आम्ही तिघी कार लिफ्टने जातो, म्हणजे महिन्याच्या बोलीवर ठरवलेल्या खाजगी गाडीने. चालक भाईसाब आपल्या देशाच्या सीमेपलीकडचे, डोंगरातल्या गावचे. इमारतीखाली आले की एक रिंग देऊन फोन कापतात. आपण उतरायचं. कित्येक वर्षं हेच चाललंय.

सीमेवर तोफा सुरू झाल्या तेव्हा माझा भाचा तिकडेच तैनात होता. त्याचा फोन लागत नव्हता. "काही कळलं की लगेच कळवतो," एवढंच भाऊ म्हणाला होता. त्यामुळे सकाळी ती रिंग वाजली की मी चहा टाकून फोनकडे धावायची.

"मम्मा, रिलॅक्स. जस्ट युवर लिफ्ट," लेक म्हणायची.

शेवटी एका संध्याकाळी गाडीतून उतरता उतरता मी सांगून टाकलं, "भाईसाब, कल से फोन मत कीजिए."

"ठीक है, बाजी." बाजी म्हणजे ताई, ते मला तसंच म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी मी आपणहून खाली येऊन उभी राहिले. गाडी आलीच नाही. थोड्या वेळाने बरोबरच्या पुण्याच्या मैत्रिणीचा फोन आला.

"अगं, लिफ्ट सोडलीस? भाईसाब म्हणतात, बाजीने मना कर दिया. लढाई लागली आणि तू पहिली उतरलीस होय?"

"सोडली कुठे? फक्त रिंग नको म्हटलं. गाडी वळवायला सांग त्यांना."

गाडी परत आली. मी बसले आणि भाच्याचं सगळं सांगितलं. त्यांनी आरशातून एकदा बघितलं.

"हमारे गाँव का तो टावर ही बंद है, बाजी."

ऑफिस आलं, तशा आम्ही तिघी उतरलो. पुढे ते गुपचूप येऊन बकाल्यासमोर, म्हणजे खालच्या किराणा दुकानासमोर, थांबायचे आणि मी आधीच खाली येऊन उभी राहायची.

मग शस्त्रसंधी झाली. भाच्याचा फोन आला. "आत्या, ठीक आहे मी. झोपतो आता." मीही तशीच सोफ्यावर आडवी झाले.

सकाळी गाडीत बसताना म्हटलं, "भाचा सुखरूप आहे. कल से रिंग दीजिए."

"मुबारक हो, बाजी. रिंग नहीं, हॉर्न दूँगा. फोन फ्री रखना है. घर से अभी किसी का आया नहीं."

"ठीक है," मी म्हणाले आणि पट्टा लावला.