आईच्या बोटावरची मिश्री

चौथीत असताना माझी दाढ दुखायला लागली. आम्ही पाथर्डीजवळच्या एका वस्तीवर राहायचो. दवाखाना लांब, आणि आईकडं औषध घरातच होतं. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची. ही तिची मिश्री. तिनं चिमूटभर माझ्या हिरडीला चोळली. मला गरगरलं, पण ठणका थांबला.

दाढ बरी झाली तरी रोज सकाळी मी आईशेजारी बसून बोट पुढं करायचे. आई हसून डबी सरकवायची. पाचवीत गेले तोवर मिश्रीशिवाय मला परसाकडं होईना. जेवण जाईना, फ्रॉक अंगावर नुसता लोंबायचा. दुपारी वर्गात डोकं चढायचं, एका जागी बसवायचं नाही. पाणी प्यायच्या निमित्तानं मी सारखी बाहेर पळायचे.

एकदा उपाशीपोटी जास्तच लावली आणि प्रार्थनेच्या रांगेत ओकून खाली बसले. हातपाय गार पडले. शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून घेतलं. दोघी मला जीपनं दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी माझं तोंड पाहिलं, मग आईचं.

“हिला कुणी लावली?”

“मीच. दाढ दुखत हुती.”

“आणि तुम्हाला?”

“माझ्या आईनं.”

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “दोघींनी सोडा. घरात डबी असेल तर हिची सुटायची नाही.”

घरी येताच आईनं डबी उकिरड्यावर उपडी केली. पुढचे दिवस वाईट गेले. आई घरभर येरझाऱ्या घालायची, भांडी आदळायची, भाकरी करपवायची. ती माझ्यावर खेकसायची, मी तिच्यावर. एका दुपारी ती शेजारणीकडं गेली. मी मागोमाग गेले, तर आई दारातच तोंडात बोट घालून उभी.

“तू तर सोडली हुतीस!”

“माझ्याच्यानं न्हाई व्हत गं. पर तू लावू नगं. माझी आण हाय तुला.”

मी रडत घरी पळाले. रागानं म्हणा, आणेनं म्हणा, माझी सुटली. भूक लागायला लागली, अभ्यासात मन बसलं.

आईची मात्र इतक्या वर्षांनीही सुटली नाही. परवा गावी गेले तेव्हा तिच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. “कायबी झालं न्हाई,” म्हणत होती. मी ऐकलं नाही, तिला नगरला घेऊन आले. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला दिलाय, रिपोर्ट यायचाय. फोन वाजला की मी दचकते, आणि आई मात्र विचारते, “घरी कवा जायचं?”