रामरावांच्या जागी कचरू

कचरूची नि माझी दोस्ती माझ्या एका थापेतून झाली.

मी टेंभुर्णीच्या शाळेत मास्तर. चौऱ्याहत्तर साली गावात संगीत नाटक ठरलं, तेव्हा नायिकेचं काम करणारे रामराव म्हणजे आपले खास दोस्त, असं मी चावडीवर सांगून बसलो. पाहिले होते एकदाच. औरंगाबादला, शेवटच्या रांगेतून, नऊवारीत. सरपंच आबाराव म्हणाले, "मंग तातेराव, घ्यायला तुम्हीच जा."

दुपारच्या एसटीतून एक बाप्या उतरला. खांद्यावर घोंगडी, मानेवर केसांचा हा एवढा बुचडा. पुरुषाचे एवढे केस म्हणजे नायिकाच! खंडोबाला नवसानं बोललेले केस मी जन्मभर बघत आलोय, पण त्या दिवशी अक्कल घरी राहिली. मिशी होती, म्हटलं, नाटकाआधी काढतील. नाव विचारायची सोय नव्हती. दोस्ताला कोणी नाव विचारतं?

"या, तुमचीच वाट बघून राह्यलो."

तो कचरू. मेंढरं खतासाठी कोणाच्या रानात बसवावीत, हे बघायला आलेला. एवढ्या आदरानं त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"मंडळी किती?" मी विचारलं.

"दीडशे. मागून पायी येऊन राह्यलेत."

मला गहिवरून आलं. एवढी मोठी कंपनी, आणि पायी!

मांडवात आबारावांच्या बायकोनं, आसराबाईंनी त्याला ओवाळलं, आबारावांनी झेंडूचा हार घातला. "आता कंपनीला बी बोलवा."

कचरूनं तोंडात बोटं घालून शीळ घातली. थोड्या वेळानं धुरळा उठला आणि दीडशे मेंढरं मांडवात घुसली. एका मेंढीनं त्याच्या गळ्यातला हारच खायला घेतला. मेंढरांमागून पेटी सावरत एक टकले गृहस्थ आले.

"मी रामराव. स्टँडवर कोणीच आलं नाही?"

आबाराव माझ्याकडं वळले. "तातेराव, यातला तुमचा दोस्त कंचा?"

रामराव माझ्याकडं अनोळखी माणसासारखे बघत होते. आता खरं बोलावं, तर गावात तोंड दाखवायची चोरी. मी कचरूकडं बोट केलं.

कचरूनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "व्हय," तो म्हणाला, "बिलकुल बराबर. लई जुनी वळख हाय."

माझं नाव त्याला आत्ताच कळलं होतं.

पुढं तो दरसाल यायचा, चार दिवस राहायचा. माझं घर ठाऊक असूनही आधी चावडीवर थांबायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "आमचे दोस्त घरी हायेत का हो?"

आबाराव उपरणं तोंडाशी धरून हसायचे. मी शाळेतून चावडीकडं पळत सुटायचो.