दोन कुठे गेला?

"बाई, मग दोन कुठे गेला?"

दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हे विचारलं आणि माझा पाठ तिथेच बसला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेला गणित शिकवणाऱ्यांची तीन दिवसांची परिषद होती आणि धुळ्याहून आमच्या कॉलेजने पहिल्यांदाच मला पाठवलं होतं. तिथे नुसतं भाषण ठोकून चालत नसे. गावातल्या मराठी शाळेतली खरी मुलं समोर बसवून डेमो द्यावा लागे. जमलेले पाठ शिक्षकांच्या हँडबुकमध्ये जाणार, फसलेले गळणार.

माझा विषय द्विमान पद्धती. कॉम्प्युटरला शून्य आणि एक एवढेच आकडे कळतात. एकच्या पुढे आकडाच नाही, म्हणून दोन लिहायचे ते एकावर शून्य असे. मी 'स्थानिक किंमत', 'पाया दोन' असं सगळं शुद्ध पुस्तकी सांगितलं. मुलं लूम कामगारांची, बहुतेक खानदेशी. माझ्याच मुलखातली, आणि तरी माझ्याकडे अशी बघत होती जणू मी चिनी बोलतेय. खरं सांगते, घरची अहिराणी मी कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवूनच आत जात असे. तिची लाज वाटायची.

पाठ संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, "परवा सकाळी पंधरा मिनिटं देतो. नाही जमलं तर हा धडा वगळू."

दुसऱ्या दिवशी दुपारी सहल होती. मी खोलीतच बसणार होते. अमरावतीच्या पद्माताई माझ्या रूममेट. त्यांनी माझ्या हातातली वही ओढून घेतली.

"काहून रडून राहिली वं? चाल, साड्या पाहू. पाठ काय पळून जाते?"

साड्यांच्या मार्केटला जाण्याआधी आमचे यजमान देसाई सर म्हणाले, "चालो, साडी बने छे क्यां, ते बतावुं." आणि बस गोडादऱ्याच्या एका लूमच्या शेडपाशी थांबली.

आत खटखटाटात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. प्रत्येक मागावर, वर, पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत होती आणि खाली कापडावर कोयरी सावकाश उगवत होती. देसाई सरांनी कानाशी ओरडून सांगितलं, "कार्डाला भोक असेल तिथला धागा उचलला जातो. भोक नसेल तिथला खालीच राहतो." मी मान वर करून बघतच राहिले. भोक आहे, भोक नाही. एक आणि शून्य! जे मला फळ्यावर सांगता येईना, ते इथे डोक्यावर माळ होऊन लटकत होतं.

मागच्या खोलीत ती कार्डं बनत होती. शिरपूरकडचं एक जोडपं. नवरा आलेखाच्या कागदावरचे चौकोन मोठ्याने वाचत होता, बायको हातोडीने पुठ्ठ्याला भोकं पाडत होती. भरलेला चौकोन आला की तो म्हणे "ऊठ", ती ठोका घाली. रिकामा आला की "बठ", आमच्या अहिराणीतलं 'बस', आणि ती एक घर सोडून पुढे जाई.

"ऊठ, बठ, बठ, ऊठ..."

असा वेग, की माझी नजर मागे पडत होती आणि तिचा हात पडत नव्हता. एवढ्यात त्याचं आमच्याकडे लक्ष गेलं.

"बठा ना, बाई!" म्हणाला, आणि पुन्हा वाचू लागला.

चार-पाच ठोके झाले आणि बाईची हातोडी थांबली. आलेख तिला दिसतही नव्हता.

"तुमनी बठ कार्डमा गयी," ती मला म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

मला बसा म्हटलेलं तिने चौकोन समजून एक घर सोडलं होतं! माझा पाहुणचार कार्डात शिरला होता. एवढ्या झपाट्यात एक 'बठ' जास्तीची पडली हे तिला नुसत्या ओळीच्या तालावरून कळलं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. आईशप्पथ, एवढी थक्क मी कुठल्या विद्वानापुढे झाले नव्हते. तिने चुकलेलं कार्ड बाजूला टाकलं आणि नवीन घेतलं.

बसमध्ये मी बोटांवर ऊठ-बठ मोजत होते. साड्यांच्या मार्केटात पद्माताईंनी दोन साड्या घेतल्या. मी काय घेतलं ते आठवतसुद्धा नाही.

संध्याकाळी तापीकाठी पोंक खायला उतरलो. पोंक म्हणजे आपला हुरडाच, वर लिंबू-मिऱ्याची शेव. एक घास खाल्ला आणि मी म्हटलं, "पाच जण ओळीत बसा. मला मदत हवीय."

नियम एवढाच. मी टाळी वाजवली की उजव्या टोकाच्याने हलायचं. बसलेला असेल तर उठायचं. उभा असेल तर बसायचं आणि शेजाऱ्याला ढोसायचं. मग त्यानेही तेच करायचं.

पाच प्राध्यापक हातात पोंक घेऊन ऊठ-बस करू लागले. अध्यक्षसुद्धा! पद्माताई ओरडत होत्या, "अहो सर, बसा नं! तुमचं शून्य झालं!" पोंकवाला भट्टी सोडून आला आणि काळजीने विचारू लागला, "साहेब, शुं गुनो कर्यो?" हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. चौथ्या टाळीला दोघे धपकन बसले, तिसरा उठला आणि अध्यक्ष ओरडले, "अरे, चार!"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खडूला हातच लावला नाही. पाच मुलं पुढे बोलावली आणि म्हटलं, "ऊठ-बठ माहितेय ना?"

वर्ग एकदम खुसखुसला. बाई आपल्यासारखं बोलतात!

पहिल्या टाळीला उजवीकडचा उठला. एक. दुसऱ्या टाळीला तो बसला, त्याने शेजारणीला ढोसलं, ती उठली. मी काही विचारायच्या आत दुसऱ्या बाकावरची ती मुलगी उभी राहिली.

"बाई, सापडला! दोन शेजारी गेला!"

मागे बसलेल्या अध्यक्षांनी टाळी वाजवली. मुलांना वाटलं पुढचा आकडा मागताहेत, म्हणून त्यांनी लगेच तीन करून दाखवले.

धडा हँडबुकमध्ये आला. पण संपादकांनी 'बठ' खोडून सगळीकडे 'बसणे' केलं होतं. माझ्या प्रतीत मी पेनाने पुन्हा 'बठ' लिहिलं. कॉलेजात वाटायला आलेल्या सगळ्या प्रतींतसुद्धा.