चुलत्यांचा डावा पाय

भावकीची भांडणं घरोघरी असतात. पण आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या सख्ख्या चुलत्यांनी, सांगलीच्या कोर्टात लिहून दिलं की माझे वडील त्यांचे भाऊच नव्हेत. कुठल्याशा जत्रेत सापडलेलं पोर आजोबांनी सांभाळलं. सबब उसाचा मळा एकट्या तात्यांचा. पुढं वडील वारले आणि खटला मला वारसाहक्कानं मिळाला.

वारसाहक्कानं आणखीही एक गोष्ट मिळाली होती, ते पायाची शीर तुंबली तेव्हा कळलं. विश्रामबागेतले डॉक्टर म्हणाले, रक्तात गाठी धरण्याचा हा दोष घराण्यातून येतो. रक्त पातळ ठेवायची गोळी चुकवू नका आणि नातेवाइकांनाही तपासून घ्यायला सांगा.

त्याच उन्हाळ्यात तात्यांचा डावा पाय सुजला, हुबेहूब माझ्यासारखा. तात्या आधी वकिलाकडे गेले. वकील म्हणाला, दोघांत एकच दोष निघाला तर आपली केस बुडाली. निकालापर्यंत रक्त तपासू नका. मग तात्या पाय उशीवर ठेवून निकालाची वाट बघत बसले.

माझा त्यांच्यावर राग होताच, पण भावकीतून हे कानावर आल्यावर राहवलं नाही. कित्येक वर्षांनी त्यांच्या सोप्यात गेलो.

"आवं तात्या, दवाखान्यात चला."

"तू कोन रं सांगनारा? तुजं माजं रगात येगळं हाय."

"येगळं तर येगळं. पन गाठ सुटून फुफ्फुसात गेली, तर फुडच्या तारखंला कोन हुबं ऱ्हानार?"

तात्या विचारात पडले. मिलिटरीतला माणूस, आजवर एकही तारीख चुकवली नव्हती.

"गाडी काढ," म्हणाले.

गाठ मांडीपर्यंत चढली होती. इंजेक्शन भरता भरता डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं झालंय का? तात्यांनी आधी दाराकडे पाहिलं, वकील उभा आहे की काय बघावं तसं. मग माझ्याकडे बोट केलं.

"ह्येला. माज्या थोरल्या भावाचा पोरगा हाय ह्यो."

मला रडू आलं. हे ऐकायला वडील हवे होते.

परतताना तात्या म्हणाले, "डॉक्टरला सांगितलं त्ये कोर्टात काडू नगंस."

नाही काढलं. हल्ली तारखेला आम्ही एकाच गाडीनं जातो. गाडीत बसण्याआधी तात्या विचारतात, "गोळी घेतलीस न्हवं?" आणि कोर्टात उभं राहून शपथेवर सांगतात, की मी त्यांचा कुणी लागत नाही.